पावणेदहावा फेज: नवशिक्या आईबापांसाठी जादूगार-पार्टीची मार्गदर्शिका

घरातल्या आठ-नऊ वर्षांच्या व्यक्तीने वरणभात कालवता कालवता ‘या वर्षी माझा बर्थडे हॅरी पॉटर थीमचा आहे’ असं जाहीर केलं असेल, तर ही मार्गदर्शिका तुमच्यासाठी आहे. वाक्य पुन्हा वाचा. ‘करूया का’ असं त्यात कुठेही आलेलं नाही. निर्णय झालेला आहे आणि तुम्हाला तो कळवण्यात आला आहे.

त्यातून तुम्ही बंगळूरच्या जे. पी. नगरात राहत असाल, मूळचे सांगली-सोलापूर-पुण्याकडचे असाल, घर दोन बेडरूमचं असेल आणि तुमची आई नेमकी त्याच महिन्यात राहायला आलेली असेल, तर घाबरू नका. यातली शेवटची गोष्ट तुम्हाला आत्ता अडचण वाटते आहे. पार्टी संपेपर्यंत मत बदलेल.

मार्गदर्शिकेचे भाग फेजनुसार पाडले आहेत. जे. पी. नगरचे फेज नऊ, आणि एकानंतर दुसरा येईलच अशी अपेक्षा इथल्या रहिवाशाने कधी ठेवलेली नाही. तुम्हीही ठेवू नका.

पहिला फेज: खरेदी न करणे

मूल झोपल्यावर फोनवर ‘विझर्ड पार्टी किट’ शोधायचा मोह होईल. शोधा, पण पैसे भरू नका. किटमध्ये कागदाच्या टोप्या असतात, त्या कुठल्याच डोक्याला बसत नाहीत. शुभेच्छांची माळ असते, तिच्यातलं एक अक्षर गहाळ असतं. चमचमणाऱ्या चांदण्या असतात, त्या पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत सोफ्याच्या फटीतून निघत राहतात. चांगल्या नांदत्या मराठी घरात जादूगाराला लागणारं बहुतेक सामान आधीपासून असतंच. माळ्यावर, आजीच्या ट्रंकेत, देवघराखालच्या फळीवर. ते ओळखायचं कसं, एवढंच शिकायचं आहे.

दुसरा फेज: आमंत्रण आणि घुबड

मूळ गोष्टीत हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेचं पत्र घुबड आणतं. 1997 साली लंडनच्या ब्लूम्सबरीने पहिलं पुस्तक काढलं, तेव्हा त्याचा भारतातल्या घुबडांना त्रास होईल असं कोणाच्या स्वप्नातही आलं नसेल. पण पक्षितज्ज्ञ अबरार अहमद यांना एका मित्राच्या पत्नीने विचारलं, मुलाच्या दहाव्या वाढदिवसाला पांढरं घुबड मिळवून द्याल का? थीम अर्थातच हॅरी पॉटर. अहमद यांनी घुबड आणून दिलं नाही. उलट घुबडांच्या चोरट्या व्यापाराचा अभ्यास केला. तो अहवाल ‘ट्रॅफिक इंडिया’ने 2010 च्या नोव्हेंबरात, दिवाळीच्या तोंडावर प्रसिद्ध केला. भारतात नोंदल्या गेलेल्या घुबडांच्या तीस जातींपैकी पंधरा जाती बाजारात विक्रीला आढळल्या होत्या. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी तर हॅरी पॉटरच्या वेडापायी शहरी मध्यमवर्ग मुलांना घुबडं आणून देऊ लागला आहे, असं जाहीरपणे सांगितलं. म्हणजे वाढदिवसाच्या एका पार्टीने राष्ट्रीय अहवाल घडवला. तुमच्या पार्टीकडून एवढी अपेक्षा नाही.

तेव्हा नियम पहिला: घुबड आणायचं नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि ‘मुलाचा हट्ट होता’ हा बचाव न्यायालयात टिकत नाही.

घुबड ऐकायला मात्र फुकट मिळतं. बंगळूरच्या जुन्या वस्त्यांतल्या मोठ्या झाडांच्या ढोल्यांत पिंगळे राहतात. तिन्हीसांजेला गच्चीत उभं राहिलं की त्यांचा कलकलाट कानावर येतो. आणि पिंगळा म्हटल्यावर आजीला विचारा. तिच्या लहानपणी भल्या पहाटे हातात कंदील आणि कुडमुडं घेऊन दारात एक माणूस यायचा, आपल्याला पिंगळ्याची भाषा कळते म्हणायचा आणि घराचं भविष्य सांगून पसाभर धान्य घेऊन जायचा. त्यालाही पिंगळाच म्हणत. हीच विद्या कन्नड मुलखात बुडबुडक्यांची. अंगात ठिगळाठिगळांचा रंगीत कोट, डोक्याला फेटा, हातात छोटं दुतोंडी डमरू. ते ‘हालक्की’ पक्षी काय बोलला ते सांगतात, आणि हालक्की म्हणजे आपला पिंगळाच. एडगर थर्स्टनने 1909 साली दक्षिणेतल्या जातीजमातींवर जो ग्रंथ छापला, त्यात म्हैसूर संस्थानच्या जनगणनेचा हवाला देऊन लिहिलं आहे की हे बुडबुडके मराठी मुलखातून आलेले. थोडक्यात, संगणकवाल्यांच्या कितीतरी आधी मराठी मुलखातून जो माणूस इथे पोटापाण्यासाठी आला, तो पक्ष्यांची भाषा जाणणारा जादूगार होता. आमंत्रणपत्रिकेवर हॅरीच्या पांढऱ्या हेडविग घुबडाच्या जागी हा पिंगळा काढा. गोल डोळे, पांढऱ्या भुवया, अंगभर ठिपके. चित्रकला यथातथा असली तरी जमतो.

पत्रिका कागदाची हवी. जुन्या वहीचा कागद चहाच्या पाण्यात बुडवून वाळवला की चारशे वर्षांपूर्वीचा दिसतो. मजकुरात पत्ता नीट द्या. लंडनला किंग्ज क्रॉस एकच आहे आणि तिथे फलाट पावणेदहा सापडत नाही म्हणून हॅरी कासावीस होतो. आपल्याकडे प्रत्येक फेजमध्ये डझनावारी क्रॉस, त्यांना छेदणारे मेन, आणि पंधराव्या क्रॉसशेजारी सोळावा असेलच अशी हमी कोणीही देत नाही. पत्ता शोधत आलेल्या पाहुण्याला दारात पाणी द्या. अर्धी परीक्षा तो पास होऊनच आलेला असतो.

सहावा फेज: दार

मधले फेज कुठे गेले, असं विचारू नका. येतील.

दारावर काय लावायचं याचं उत्तर बंगळूरने 1990 च्या दशकातच देऊन ठेवलं आहे. त्या काळात शहरभर अफवा होती की रात्री एक चेटकीण दार ठोठावते, घरातल्या माणसाच्या ओळखीच्या आवाजात हाक मारते आणि दार उघडणारा जगत नाही. लोकांनी तोडगा काढला. दारावर खडूने लिहिलं ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’. चेटकीण शिकलेली आणि आज्ञाधारक असावी. ती वाचून परत जायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायची, पुन्हा परत जायची. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कोणालाही तिच्याविषयी सहानुभूती वाटेल. 2018 च्या ‘स्त्री’ या हिंदी चित्रपटाने हीच कल्पना घेतली.

तुम्हीही खडूने कन्नडमध्ये ‘नाळे बा’ लिहा. लिहून झाल्यावर खालच्या वॉचमन अण्णांना दाखवून शुद्धलेखन तपासून घ्या. आलेली मुलं ते वाचून हसतील, कारण ती शाळेत कन्नड शिकतात. त्यांचे आईबाप वाचू शकणार नाहीत, म्हणून निमूट आत येतील.

आत लावायला ‘दृष्टी गोंबे’ आणा. बांधकाम चालू असलेल्या प्रत्येक इमारतीवर टांगलेला तो मिशाळ, सुळे बाहेर आलेला, डोळे वटारलेला राक्षस. के. आर. मार्केटच्या बाजूला स्वस्तात मिळतो. कुठल्याही आयात मुखवट्यापेक्षा भयानक दिसतो आणि पार्टीनंतर फ्रिजवर लावला तर रात्रीचं आइस्क्रीम टिकतं.

पुठ्ठ्याचा किल्ला करणार असाल तर एक गोष्ट ऐकून ठेवा. 2007 साली कोलकात्यात सॉल्ट लेकच्या एफडी ब्लॉकच्या दुर्गापूजेने हॉगवर्ट्सचा मंडप उभारला, तर लेखिका रोलिंगबाई आणि चित्रपटवाले वॉर्नर ब्रदर्स थेट दिल्ली उच्च न्यायालयात गेले. वीस लाखांची भरपाई मागितली. न्यायालयाने पूजा ना-नफा असल्याचं पाहून त्या वर्षीचा मंडप राहू दिला. तुमचा किल्ला वॉशिंग मशीनच्या खोक्याचा आहे, वकील येणार नाहीत. तरी प्रवेशाला तिकीट लावू नका.

तिसरा फेज: काळे कपडे

जादूगाराचा झगा काळा असतो, आणि घरात पहिली ठिणगी इथेच पडते. ‘वाढदिवसाला काळं? अरे, औक्षण करायचं ना त्याचं?’ पाटावर काळा झगा घालून बसलेलं नातवंड आजीच्या कल्पनेत मावत नाही. वाद घालू नका. तिला शांतपणे विचारा, ‘आई, याचं बोरन्हाण केलं होतंस तेव्हा काय घातलं होतं गं?’

काळं झबलं घातलं होतं. वर हलव्याचे दागिने, कपाळाला हलव्याचा मुकुट. आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, भुईमुगाच्या शेंगा ओतल्या होत्या. खाली पडलेलं लुटायला आळीतली सगळी पोरं जमली होती. काळे कपडे, साखरेचे दागिने आणि आकाशातून पडणारा खाऊ. इंग्रज लेखिकेच्या कितीतरी आधी आपण लहान मुलांच्या जादुई पार्ट्या करत होतो. त्यांचं पॅकेज तेवढं निघालं नव्हतं. हा मुद्दा मांडून झाल्यावर आजी थोडा वेळ गप्प बसते आणि मग ट्रंक उघडते.

ट्रंकेत चंद्रकळा असते. काळी, अंगभर बुट्ट्यांच्या चांदण्या. जगातल्या कुठल्याही दुकानात याहून चांगला जादूगाराचा झगा मिळत नाही. नऊवारी असेल तर तिच्यात चार मुलं मावतात. कात्री लावायची नाही. चुण्या घालून खांद्यावर सेफ्टी पिना लावा आणि पिना मोजून ठेवा. औक्षणाच्या वेळी दहा मिनिटं झगा काढायचा, ही आजीची अट मान्य करा. या घरात चाललेल्या सगळ्या वाटाघाटींत एवढी स्वस्त तडजोड पुन्हा होणार नाही.

आजोबा असतील तर त्यांच्यासाठी वेगळा पोशाख लागत नाही. त्यांच्या पिढीने इंद्रजाल कॉमिक्समधला मॅन्ड्रेक मराठीतून वाचलेला आहे. जुना काळा कोट आणि उंच टोपी दिली की ते स्वतःहून हात हलवून संमोहन सुरू करतात. थांबवणं मात्र अवघड जातं. आत्या-मावशीपैकी कोणाला चेटकीण व्हायचं असेल तर तिने ‘अलबत्या गलबत्या’ आठवावं. रत्नाकर मतकरींच्या त्या नाटकातली चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी आणि 2018 च्या नव्या संचात वैभव मांगले यांनी केली. म्हणजे मराठी रंगभूमीवरच्या सर्वात लाडक्या चेटकिणीला मिशीचे खुंट होते. तेव्हा काकांनीही मागे राहू नये.

चौथा फेज

तिसऱ्याच्या मागच्या बाजूला आहे. पार्किंग मिळत नाही. पुढे चला.

पाचवा फेज: झाडू आणि पेटा

उडायला झाडू लागतो. तुम्ही सहज म्हणून घरातली केरसुणी उचलाल, तर स्वयंपाकघरातून आवाज येईल. लक्ष्मीपूजनाला जिला हळदकुंकू वाहतो, पाय लागला तर जिला नमस्कार करतो, तिच्यावर टांग टाकून बसायचं? इथे आजी सपशेल बरोबर आहे. उडण्यासाठी खराटा वापरावा. माडाच्या हिरांचा, लांब दांड्याचा, सारक्कीच्या बाजारात ‘कड्डी पोरके’ म्हणून मागा. तो दिसायलाही चित्रपटातल्या झाडूच्या जवळ जातो, आणि पार्टीनंतर पार्किंगमध्ये सांडलेलं झाडायला कामाला येतो. आयात झाडूने हे काम होत नाही.

छडीसाठी झाडाची फांदी तोडायची नाही. वर्तमानपत्र तिरकं गुंडाळा, गोंद लावा, तपकिरी रंग द्या. घाईत असाल तर शेवग्याच्या शेंगा वाटा. संध्याकाळी सांबार करता येतं.

मुलांची चार घरांत वाटणी करणारी बोलकी टोपी म्हणून म्हैसूर पेटा उत्तम. कर्नाटकात सत्कार म्हटला की शाल, हार, फळांची करंडी आणि पेटा हे ठरलेलं. तुमच्या इमारतीत निवृत्त बँक मॅनेजर किंवा माजी सचिव असतोच आणि त्यांच्या कपाटावर पेटा असतोच. मागा, आनंदाने देतात. त्यासोबत सत्काराची हकीकतही देतात, ती बसून ऐकायची.

घरांची नावं ठरवताना जपा. मूळ नावं ठेवली तर स्लिदरिन या बदनाम घरात पडलेल्या मुलाची आई रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिते, आणि ती ग्रुपची ॲडमिन असते. नद्यांची नावं द्यावीत असा सात्त्विक विचार मनात येईल; तो झटकून टाका. कृष्णेच्या पाण्यासाठी 1969 साली आणि कावेरीसाठी 1990 साली लवाद नेमावे लागले होते. जमलेल्यांत मराठी, कन्नड, तेलुगू, तमिळ सगळे आहेत आणि तुमच्या हाताशी दोनच तास आहेत. त्यापेक्षा डोशांची नावं द्या: बेण्णे, सेट, रवा, नीर. नीर डोसा झालेलं मूल कधी रडत नाही.

सातवा फेज: जादू

हा फेज मोठा आहे आणि बाकी काही जमलं नाही तरी हा जमलाच पाहिजे.

आधी काय करायचं नाही ते. धूर हवा म्हणून कोरडा बर्फ आणण्याचं सुचवणारा एक मित्र प्रत्येकाला असतो. कोरडा बर्फ म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, उणे 78 अंशांचा. हातावर ठेवला तर फोड येतो, बंद खोलीत हवा कोंदते. द्रवरूप नायट्रोजन त्याहून थंड. 2024 साली बंगळूरमध्येच एका लग्नात धूर निघणारं पान खाल्ल्याने बारा वर्षांच्या मुलीच्या जठराला भोक पडलं आणि शस्त्रक्रिया करावी लागली. या एका बाबतीत विनोद नाही: धूर लहान मुलांच्या पार्टीत नको. उदबत्ती लावा.

आता जे करायचं ते. सोसायटीच्या कुंपणावर गोकर्ण असतो. मूठभर निळी फुलं गरम पाण्यात टाका, दहा मिनिटांत शाईसारखं निळं पाणी होतं. काचेच्या पेल्यात ओता, मुलांना हवा तो मंत्र म्हणू द्या आणि लिंबू पिळा. निळ्याचं डोळ्यांदेखत जांभळं होतं, आणखी पिळलं की गुलाबी. अर्धा मिनिट कोणी बोलत नाही. पंधरा मुलं अर्धा मिनिट गप्प, हीच मुळात जादू.

दुसरा प्रयोग त्याहून स्वस्त. पांढऱ्या कागदावर हळदीचं पाणी फिरवून वाळवा. मुलांना कापूस गुंडाळलेली काडी आणि कपड्यांच्या साबणाचं पाणी द्या. पिवळ्या कागदावर लिहिलं की अक्षरं रक्तासारखी लाल उमटतात. वर लिंबू फिरवलं की अक्षरं गायब. हळद क्षारात लाल होते आणि आम्लात पुन्हा पिवळी, एवढंच गुपित. गावोगावच्या भोंदूंनी लिंबातून ‘रक्त’ काढून ज्या रसायनांवर पोट भरलं, त्यांची ही घरगुती, निरुपद्रवी बहीण.

इथे नवशिक्यांपुढे प्रश्न उभा राहतो: गुपित सांगायचं की नाही? व्यावसायिक जादूगार कधीच सांगत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. पुण्याच्या जादूगार रघुवीरांच्या घरात ही कला तीन पिढ्या चालली, ती काय गुपितं वाटून? पण तुम्ही व्यावसायिक नाही आणि तिकीट लावलेलं नाही. माझं मत पक्कं आहे. प्रयोग एकदा मंत्र म्हणून करा, मग दुसऱ्यांदा मुलांच्या हातून, सगळं सांगून करवून घ्या. दुसऱ्या खेपेला आरडाओरडा जास्त होतो.

या मताला जागेचाही आधार आहे. जे. पी. नगरपासून जवळ, बसवनगुडीच्या नॅशनल कॉलेजात डॉ. एच. नरसिंहय्या होते. गांधीवादी, खादीतले, बंगळूर सायन्स फोरम 1962 साली सुरू करणारे. बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू असताना 1976 साली त्यांनी चमत्कारांची शास्त्रीय तपासणी करायला समिती नेमली. हवेतून अंगठ्या काढणाऱ्या एका बड्या बाबांना त्यांनी म्हटलं होतं असं सांगतात की, अंगठी कशाला, भोपळा काढून दाखवा. तो बाहीत मावत नाही. इकडे महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 साली अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. तिचे कार्यकर्ते शाळाशाळांतून आधी चमत्कार करून दाखवत आणि मग तो कसा केला ते सांगत. दाभोलकरांचा 2013 साली पुण्यात खून झाला, त्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. कर्नाटकाचा तसाच कायदा 2017 चा, तो 2020 मध्ये लागू झाला. दोन्ही कायदे अघोरी प्रथांविरुद्ध आहेत. लिंबू पिळून पाणी गुलाबी करणाऱ्या आईविरुद्ध नाहीत. शेजारच्या काकांनी विचारलंच तर हे सांगा.

आता आजीचा प्रयोग. सगळ्यात शेवटी तिला खुर्चीत बसवा, मुलांची रांग लावा आणि मीठमोहरी-मिरच्यांची दृष्ट काढू द्या. पुटपुटणं, मुठीचे फेरे, मग मूठ निखाऱ्यावर किंवा तव्यावर. पाहुण्या मुलांत कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. प्रत्येकाच्या घरी अज्जी, पाटी किंवा अम्मम्मा हेच करते. कोणी कापूर लावते, कोणी कोहळा फोडते. आयुधपूजेला अख्खं शहर चौकाचौकात कुंकू भरलेले कोहळे फोडतं आणि दुचाकीवाले त्यावरून घसरतात, हे त्यांनी पाहिलेलं असतं. ‘माझ्या अज्जीला याहून मोठा मंत्र येतो’ अशी भांडणं सुरू होतात. यानंतर मिरचीचा ठसका का लागतो, तेही सांगून टाका. आजी रागावत नाही. ठसका लागला नाही तरच दृष्ट होती, असं तिचं म्हणणं असतं आणि त्याला विज्ञानाकडे तूर्त उत्तर नाही.

आठवा फेज: खाणं

गोष्टीतली मुलं बटरबिअर पितात. हा शब्द आजीसमोर पहिल्यांदा उच्चारताना तिच्या हातात गरम काही नाही ना, ते पाहा. रामनवमीला इथे गल्लोगल्ली वाटतात ते गुळाचं पानक करा, वेलची-सुंठ घालून. वर व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा सोडा, फेस आपोआप येतो. दुसरं पेय सोलकढी. गडद लाल आगळात पांढरं नारळाचं दूध पडून गुलाबी होतं, हे मुलांसमोरच करा.

गोष्टीतल्या ‘सर्व चवींच्या गोळ्यां’साठी शंकरपाळे वापरावेत. एकाच आकाराचे, काही गोड, काही खारे, काही तिखट आणि परातीत नेमका एक कारल्याचा. तो कोणाच्या वाट्याला येतो यावर पंधरा मिनिटं निघतात. शेंगदाणे घालण्याआधी प्रत्येक आईला ॲलर्जीबद्दल विचारा, काँग्रेस कडलेकाई हे मसालेदार शेंगदाणे समोर ठेवतानाही. बिनअंड्याचा केक अय्यंगार बेकरीतून आणा. पाहुण्यांत अंडं न खाणारे निम्मे असतात, आणि हॉगवर्ट्सच्या मनोऱ्यांचा केक कापायला शेवटी सुरीऐवजी करवत लागते. मेणबत्ती फुंकणं आणि औक्षणाचं निरांजन यांत दहा मिनिटांचं अंतर ठेवा. उत्साही मूल निरांजनही फुंकतं.

साबुदाणा वडे मोठ्यांसाठी. ते कमी पडतात. कितीही केले तरी.

नववा फेज: वेळ, वीज, पाणी

चार वाजता बोलावलेले पाहुणे साडेपाचला येतात आणि सगळा दोष सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकवर टाकतात. यावर उपाय जे. पी. नगरातच आहे. दुसऱ्या फेजमधलं रंगशंकर नाट्यगृह 2004 साली उघडलं, नट-दिग्दर्शक शंकर नाग यांच्या स्मरणार्थ, त्यांच्या पत्नी अरुंधती नाग यांच्या चिकाटीने. शंकर नाग यांची सुरुवात मुंबईतल्या मराठी नाटकांतली, म्हणून हे घर थोडं आपलंही. तिथला नियम प्रसिद्ध आहे: वेळ झाली की दार बंद, मग तो कोणीही असो. पत्रिकेवर ‘रंगशंकरचा नियम लागू’ एवढं लिहा. या भागातले लोक समजून जातात आणि दहा मिनिटं आधी लिफ्टपाशी उभे राहतात.

वीज गेली तर सगळ्या मुलांनी मिळून ‘लुमोस’ हा उजेडाचा मंत्र ओरडायचा. जनरेटर सुरू व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तीन वेळा ओरडून होतं आणि तिसऱ्यांदा दिवे येतात. या प्रयोगाचं गुपित मात्र सांगू नका. छडीतून पाणी काढण्याचा मंत्रही पुस्तकात आहे, तो टाळा. 2024 च्या उन्हाळ्यात याच शहरात पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला पाच हजारांचा दंड होता. टँकरवाल्याच्या कानावर असला मंत्र गेला तर तो दर वाढवील.

पावणेदहावा फेज: आवराआवर

परतभेट म्हणून प्लॅस्टिकची छडी देऊ नका. हळदीच्या कागदाची एक पट्टी आणि गोकर्णाच्या चार बिया पाकिटात घालून द्या. ताटल्या पोफळीच्या पानांच्या वापरा. प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले आणि थर्माकोल यांवर कर्नाटकात 2016 पासून बंदी आहे, आणि सकाळी कचऱ्याची गाडी ओलं-सुकं एकत्र दिलेलं उचलत नाही. लिंबाची सालं आणि गोकर्णाचा चोथा ओल्यात, पुठ्ठ्याचा किल्ला सुक्यात. सेफ्टी पिना पुन्हा मोजा. चंद्रकळा उन्हात न टाकता सावलीत वाळवून, घडी घालून आजीच्या हातात द्या.

आणि पेटा ज्यांचा आहे त्यांना दुसऱ्याच दिवशी नेऊन द्या. एक नोव्हेंबरच्या राज्योत्सवाला त्यांना तो घालून पहिल्या रांगेत बसायचं असतं.